ग्रामसभेकडून बांबू घ्यायचा असेल तर

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका ग्रामसभेकडून मी गेले काही हंगाम बांबू घेते. तेव्हापासून ब्रह्मपुरी-नागभीड भागातल्या आमच्या बुरूड, म्हणजे बांबूकाम करणाऱ्या, घरांमधून सारखी विचारणा होते. माल कसा आहे, पैसे कोणाला द्यायचे, गाडी रस्त्यात अडवतात का, आदिवासींच्या गावात आपल्याला देतात का. म्हणून एकदा नीट लिहून काढते. गावाचं नाव टाकत नाही, कारण गावानेच तसं सांगितलं. यंदाचा माल बोलला गेला आहे आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला नाही म्हणणं त्यांना बरं वाटत नाही. पण सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या आणि स्वतः बांबू विकणाऱ्या ग्रामसभांची रीत थोड्याफार फरकाने अशीच आहे. त्यामुळे दुसऱ्या गावाकडून घेणाऱ्यालाही हे कामी येईल.

आधी मालाबद्दल. आमच्या घरात सूप, टोपल्या, ढोल्या आणि ताटवे होतात. धानाचा पट्टा असल्यामुळे मळणीला सुपं जातात, लग्नसराईत सूप-टोपली लागतेच, आणि भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी पुन्हा मागणी येते. सुपाचा बांबू निवडून घ्यावा लागतो. पेर लांब पाहिजे, गाठ बसकी पाहिजे आणि बांबू हिरवा पाहिजे. तोडून उन्हात पडून राहिलेल्या बांबूची कामटी सुरीखाली सरळ निघत नाही, गाठीपाशी आली की तडकते. उलट याच पावसाळ्यात फुटलेला कोवळा बांबू घेतला तर पाती सुरेख निघते, सूपही झटपट होतं, पण वाळल्यावर आकसतं आणि वर्षाच्या आत त्यातून पिवळा भुगा गळायला लागतो. गिऱ्हाईक ते सूप परत घेऊन दारात उभं राहतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, नुकता तोडलेला मानवेल जातीचा बांबू हाच सुपासाठी खरा.

ग्रामसभेच्या डेपोत मला तो मिळतो. खालून, जमिनीच्या जवळच, गाठीच्या वर साफ कापलेला असतो. ढलपी उडालेली नसते, बूड चिरलेलं नसतं. कापणारे गावचेच लोक आहेत आणि बांबूच्या ज्या रांजीतून, म्हणजे बेटातून, आज कापलं तिथेच तीन-चार वर्षांनी पुन्हा जायचं आहे हे त्यांना माहीत आहे. ते कापणीत दिसतं. आधी मी ज्या व्यापाऱ्याकडून घेत होते, त्याच्या बंडलात वरचे चार बांबू हिरवेगार आणि आतले भुरे, आखूड निघायचे. इथे प्रत्येक नग माझ्यासमोर मोजला जातो. एक जण मोठ्याने आकडा बोलतो, दुसरी बाई वही घेऊन बसलेली असते, आणि दर विसाला ती खूण करते. मध्ये कोणी बोललं की मोजणी थांबते. आखूड निघालेला नग मी बाजूला ठेवला तर वाद होत नाही, तो मोजणीत धरत नाहीत.

दर मी इथे लिहीत नाही. तो दर हंगामाला ग्रामसभा नव्याने ठरवते आणि जुना आकडा वाचून कोणी गेलं तर उगाच तंटा होईल. एवढं सांगते की व्यापाऱ्यापेक्षा नगामागे थोडे जास्त पडतात. पण फेकून द्यायचा माल जवळपास निघत नसल्यामुळे तयार सुपामागे हिशोब केला तर मला ग्रामसभेचा बांबू स्वस्त पडतो. समाजमंदिराच्या भिंतीवर फळा आहे. त्यावर विक्रीचा दर आणि त्याच्याच खाली तोडणाऱ्याला नगामागे किती मजुरी मिळते, हे दोन्ही खडूने लिहिलेलं असतं. घेणाऱ्याला मजुरीचा आकडा दाखवणारं दुकान मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मला ते फार आवडलं. मी दिलेल्या पैशातला किती कोणाकडे गेला हे मला कळतं, आणि तोडणाऱ्यालाही कळतं की मी किती दिले.

रोख घेत नाहीत. ग्रामसभेचं बँकेत स्वतःचं खातं आहे, त्यात पैसे भरायचे, पावती घ्यायची. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे जड वाटेल, कारण बँक गावात नाही. पण यात सूट मिळत नाही, आणि मिळू नये असं माझं मत आहे. महिन्याच्या बैठकीत खात्याची जमा आणि खर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. माझ्या नावाची रक्कमही तिथे वाचली गेली आणि शेजारच्या बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आता गाडीबद्दल. सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते, आणि भीती खोटीही नाही. बांबूची गाडी कागदाशिवाय निघाली तर ती जप्त होऊ शकते, हे आमच्या प्रत्येक घराला माहीत आहे. या ग्रामसभेचा वाहतूक परवाना ग्रामसभाच देते. छापील पुस्तक आहे. त्यात परवाना क्रमांक, तारीख, गाडीचा नंबर, बांबूचे नग, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत ग्राह्य, हे सगळं भरतात. खाली गावच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची आणि सचिवाची सही आणि ग्रामसभेचा गोल शिक्का. एक प्रत आपल्याला, एक पुस्तकात. आमचा टेम्पो गडचिरोली, आरमोरी करत वैनगंगेचा पूल ओलांडून येतो. वाटेत नाक्यावर थांबवलं तेव्हा वनरक्षकाने कागद हातात घेतला, गाडीचा नंबर ताडून पाहिला, वहीत क्रमांक उतरवला आणि जा म्हणाला. टेम्पोवाला आमच्याच गावचा. तो तोपर्यंत घाबरून होता, कारण वनविभागाच्या शिक्क्याशिवायचा परवाना त्याने पाहिलाच नव्हता.

हा कागद सहज मिळालेला नाही, म्हणून त्याच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या, यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गावांपैकी हे एक. हक्क मिळाला, पण बांबू विकायला काढला तर वाहतूक परवाना मिळेना, कारण १९२७ च्या जुन्या वन कायद्यात बांबू झाडात धरलेला आणि वनविभाग त्यालाच धरून होता. म्हणजे बांबू गावाचा, पण गावाबाहेर न्यायचा नाही. ते गाव मागे हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, वनहक्काचे नियम सुधारले आणि परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा हे नियमातच आलं. माझ्या टेम्पोतल्या त्या कागदामागे हे सगळं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा मी आधी भिंतीवर वाचली होती. नाक्यावर गाडी पुढे सुटली तेव्हा तिचा अर्थ माझ्या धंद्यापर्यंत पोचला.

बरेच जण विचारतात, ही ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतच ना? सरपंचांना फोन करू का? करू नका. गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे आणि तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. ईशान्येकडे सहाव्या अनुसूचीत आदिवासींच्या स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, तसं आपल्याकडे नाही. आपल्याकडे गावाचा कारभार गावच्या ग्रामसभेकडे आहे, आणि गाव म्हणजे ग्रामपंचायतीतलं कितीही छोटं गाव किंवा टोला (वस्ती). एका ग्रामपंचायतीत चार गावं असली तर चारही गावांची ग्रामसभा वेगळी असू शकते. जंगलाचा हक्क ज्या गावाचा, बांबू त्याच गावाचा. सरपंच फार तर नंबर देतील, माल देऊ शकणार नाहीत. बोलायचं ते त्या गावच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीशी, आणि समितीलाही मोठा निर्णय ग्रामसभेत मांडावा लागतो.

इथे मी जरा थांबते, कारण या व्यवहारातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तीच आहे.

सुरुवातीला मला सरसकट माल मिळत होता, म्हणजे कापणीत जो येईल तो. त्यात जुना, पक्का बांबू जास्त. तो ताटव्याला चालतो, मांडवाला चालतो, सुपाला चालत नाही. मी समितीला म्हटलं, मला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा निवडून द्या, मी जास्त पैसे देते. अध्यक्ष म्हणाले, ‘ताई, हे माझ्या हातात नाही. बैठकीला या, तुम्हीच सांगा.’

मी गेले. ती बैठक झालीच नाही. मोहफुलांचे दिवस होते, पहाटेच बाया जंगलात गेलेल्या. वनहक्काच्या नियमाप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया लागतात. डोकी मोजली, बाया कमी पडल्या, आणि पुढची तारीख देऊन सगळे उठले. मी भाड्याच्या गाडीने एवढ्या लांबून आले होते. राग आला होता, नाही कशाला म्हणू. पण बाया नाहीत म्हणून बैठक रद्द करणारी जागा मी त्याआधी पाहिली नव्हती, हेही तितकंच खरं.

पुढच्या बैठकीत मला बोलायला सांगितलं. मी ना त्या गावची, ना गोंड. तरी कोणी मध्ये तोडलं नाही. मी सोबत नेलेली दोन सुपं दाखवली, एक चांगल्या बांबूचं, एक भुगा गळणारं. ती हातोहात फिरली. एका म्हाताऱ्या बाईने भुग्याचं सूप उलटं करून ठोकलं, खाली पडलेला भुगा बोटाने पाहिला आणि गोंडीत बरंच बोलली. शेजारच्या मुलीने मला मराठीत सांगितलं. बांबूची रांज बाहेरच्या अंगाने वाढते. जुना बांबू मधे असतो, नवा कडेला. नवे वास्ते, म्हणजे कोंब, कडेच्या बांबूच्या आधाराने वर येतात. म्हणून गावाचा नियम असा की मधला जुना बांबू आधी काढायचा. ‘ही बाई कडेचा मागते,’ ती म्हणाली, ‘कडेचा सोपा आहे, सगळ्यांनाच पायजे. कडेचा गेला की रांज मधेच गुदमरून मरते.’

मी जन्मभर बांबूत काम केलं आहे. बांबू दारात आल्यानंतरचं सगळं मला कळतं. तो दारात येण्याआधीचं इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका तरुण मुलाने हरकत घेतली. त्याचं म्हणणं, एका घरासाठी वेगळा नियम केला तर उद्या मोठा व्यापारी येऊन निवडूनच माल मागेल आणि त्याला नाही म्हणायला आपल्याकडे कारण उरणार नाही. त्याच्या बोलण्यात दम होता. तिथे मतदान घेत नाहीत. एकाचंही मन नसेल तर विषय पुढे ढकलतात. माझा विषय ढकलला गेला. तोवर मुलाने आणि समितीने जंगलात जाऊन कोणत्या भागात रांजी दाट आहेत ते पाहिलं, आणि त्याच्या पुढच्या बैठकीत ठरलं ते असं: निवडून बांबू फक्त हाताने काम करणाऱ्या बुरुडांना, ठरावीक नगांपर्यंतच. एका रांजीतून मोजकेच, आणि कोणते ते गावचा तोडणारा ठरवणार, घेणाऱ्याने जंगलात जाऊन बोट दाखवायचं नाही. निवडायला वेळ लागतो म्हणून अशा नगाला तोडणाऱ्याची मजुरी जास्त, ती घेणाऱ्याने भरायची. आणि निवडक मालासोबत तितकाच जुना बांबूही उचलायचा. हे सगळं ठरावात लिहिलं, वाचलं, आणि त्या मुलाने हो म्हटल्यावरच पुढचा विषय घेतला.

मला वेळ गेला का? गेला. त्या हंगामातली लग्नसराई अर्धी हातची गेली. पण त्यानंतर एकदाही मला दर, नग किंवा माल यावरून पुन्हा बोलावं लागलं नाही. समितीचा अध्यक्ष बदलला, सचिव बदलला, ठराव तोच राहिला. व्यापाऱ्याकडे दर फेरीला नवी घासाघीस असायची. इथे उत्तर उशिरा मिळतं, पण मिळालेलं उत्तर पूर्ण गावाचं असतं आणि ते फिरत नाही. माझ्यासारख्या छोट्या कारागिराला याचा केवढा आधार आहे, हे धंदा करणाऱ्यालाच कळेल.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. डेपोला छत नाही. तोडलेला माल उघड्यावर रचतात, आणि आपण ठरल्या दिवशी नाही पोचलो तर चार दिवसांच्या उन्हात हिरवा बांबू भुरा पडायला लागतो. हमाली वेगळी, ती जागेवर ठरते, आणि टेम्पो भरायला अर्धा दिवस सहज जातो. फोन लागेलच असं नाही, निरोप ठेवला तर मात्र परत फोन येतो. पावसाळ्यात तोड बंद. नवे वास्ते वर येण्याचे तेच दिवस, त्यामुळे भाद्रपदाच्या सुपांचा बांबू उन्हाळ्यातच आणून, भिजत्या तरटाखाली सावलीत ठेवावा लागतो. आणि कमीत कमी एक टेम्पो माल उचलावा लागतो. ज्याच्या घरात एकटा माणूस टोपल्या विणतो त्याला तेवढा झेपणार नाही. बांबू बारीक-जाड असा वेगळा लावूनही देत नाहीत. छत आणि मालाची वर्गवारी, या दोन गोष्टी ग्रामसभेने केल्या तर घेणारे वाढतील, हे मी त्यांना बैठकीतही सांगितलं आहे.

बांबूशिवाय ही पद्धत इतरत्रही चालते. माझी बहीण परतवाड्याला असते. ती जवळच्या पायविहीर या कोरकू गावची सीताफळं घेते. तिथली ग्रामसभा आपल्या जंगलातली सीताफळं ‘नॅचरल्स मेळघाट’ नावाने विकते. ती म्हणते, पेटीत वर मोठी आणि खाली बारीक असा प्रकार नसतो. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगावही बांबू विकतं. त्या गावाने विडीची तेंदूपाने तोडायचीच नाहीत असं ठरवलं, कारण चांगल्या पानासाठी झाडं छाटतात आणि जंगलाला आग लावतात. तेंदूचा पैसा हंगामात रोख हातात येतो. तो सोडायचा निर्णय अख्ख्या गावाने मिळून घेणं किती अवघड आहे, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. धानोऱ्यातल्या ज्या गावाकडून मी बांबू घेते तिथे तेंदूची फळी, म्हणजे पानं गोळा करायची जागा, चालते, पण छाटणी आणि आगीला मनाई आहे.

घ्यायचं असेल तर असं करा. तोडीचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, पण मागणी त्याआधीच द्या. तोंडी नको, कागदावर द्या: किती नग, किती लांबी, कशासाठी, कोणत्या महिन्यात उचलणार. तुम्ही बुरूड असाल तर वनविभागाच्या नोंदणी कार्डाची प्रत जोडा, म्हणजे कारागीर म्हणून तुमचा विषय वेगळा मांडला जाईल. कार्डावर मिळणारा सरकारी बांबू चालू ठेवा, हा त्याच्या वरचा धरा. पैसे भरल्याची पावती आणि परवान्याची प्रत, दोन्ही गाडीत ठेवा, घरी ठेवून निघू नका. परवान्यावरचा नग आणि गाडीतला नग तंतोतंत जुळला पाहिजे. दोन बांबू वर टाकून द्या असं कोणाला म्हणू नका, ते देणार नाहीत आणि नाक्यावर तुमचंच नुकसान होईल. बैठकीला बोलावलं तर जा, आणि केलेली वस्तू सोबत न्या.

येत्या हंगामासाठी नागभीड, ब्रह्मपुरी आणि सिंदेवाहीकडची काही बुरूड घरं मिळून एकच मागणी देण्याचं आम्ही ठरवतो आहोत, म्हणजे एका टेम्पोचा माल दोन-तीन घरांत वाटून घेता येईल आणि एकट्यालाही परवडेल. परवाना एकाच्या नावावर असेल, त्यामुळे माल ज्याच्या दारात उतरेल तिथूनच वाटप करावं लागेल. ज्यांना यात यायचं आहे त्यांनी आपले नग पितृपक्ष सुरू व्हायच्या आत लिहून द्यावेत. दसऱ्याआधीच्या बैठकीत अर्ज मांडायचा आहे, आणि उशिरा आलेला अर्ज त्या महिन्यात घेत नाहीत.